कोरडी डबी

पाण्याला आपल्या भाषेने ‘जीवन’ असे नाव दिले आहे. या नावाची सार्थकता खानदेशाइतकी फार थोड्या प्रदेशांना पटली असेल. धुळे शहराच्या वाट्याला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो. वैशाखात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, पांझरेच्या पात्रात वाळू आणि गोटे उघडे पडतात, आणि लळिंगच्या किल्ल्याआडून पहिला काळा ढग केव्हा वर येतो, इकडे साऱ्या गावाचे डोळे लागून राहतात. तो ढग आला, मृगाचे चार थेंब पडले, मातीचा वास सुटला, की म्हातारी माणसेसुद्धा अंगणात येऊन उभी राहतात. अशा गावात ‘पाण्यापासून जपा’ असे कोणी सांगू लागला, तर लोक त्याला हसतील!

तथापि त्याच गावात, त्याच मृगाच्या सरीत, काही माणसे लगबगीने आडोशाला जाताना दिसतात. त्यांचा हात डोक्यावर नसतो, कानावर असतो. कानामागे चिंचोक्याहून थोडी मोठी अशी एक वस्तू त्यांनी अडकवलेली असते. तिचे वजन अवघे काही ग्रॅम. परंतु त्या काही ग्रॅमांवर त्यांचे घरातले बोलणे, बाजारातला व्यवहार आणि शाळेतला अभ्यास अवलंबून असतो. ती वस्तू म्हणजे श्रवणयंत्र. सर्वांना जगविणारे पाणी या चिमुकल्या वस्तूचे मात्र वैरी आहे.

ऐकण्याचे मोल धुळ्याला वेगळे सांगावयास नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय त्यांनी उलगडून सांगितले. बोलणारे विनोबा होते. पण ऐकणाऱ्या बंदिवानांत साने गुरुजी होते, आणि ते ऐकता ऐकता लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज घराघरांत आहे, तो जितका एका वाणीचा प्रसाद आहे, तितकाच एका सावध कानाचा आहे. उच्चारलेला शब्द अर्धाच जन्माला आलेला असतो. कोणीतरी तो ऐकतो, तेव्हाच त्याचा जन्म पुरा होतो.

ज्याचा कान अधू झाला, त्याच्यापाशी येऊन जगातले सारे शब्द असे अर्ध्यावर थांबतात. दृष्टी गेलेल्या माणसाची अडचण इतरांना दिसते आणि हात आपोआप पुढे होतो. श्रवण गेलेल्याची अडचण कोणाला दिसत नाही. उलट त्याच्यावर लोक रागावतात, त्याच्या चुकीच्या उत्तरांना हसतात, आणि पुढे पुढे त्याला विचारीनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी माणसांना श्रवणदोषासाठी उपचाराची किंवा साधनाची गरज आहे. गर्दीत असूनही एकटे राहावे लागणाऱ्या माणसांची ही संख्या आहे.

या एकटेपणावर माणसाने फार पूर्वीपासून उपाय शोधले. प्रथम त्याने कानामागे हाताचा द्रोण धरला. मग शिंगाच्या, पितळेच्या कर्ण्यांचे तोंड बोलणाऱ्याकडे करून त्यांचे टोक कानाशी लावले. दूरध्वनीचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या आईला ऐकू कमी येत असे, आणि त्यांच्या पत्नीला तर मुळीच ऐकू येत नसे. कर्णबधिर मुलांना बोलावयास शिकविणे हे बेल यांचे आवडते कार्य होते. १८७६ साली त्यांच्या दूरध्वनीने आवाजाचे विजेत आणि विजेचे पुन्हा आवाजात रूपांतर करून दाखविले. पुढे विजेवर चालणारी श्रवणयंत्रे निघाली, ती याच तत्त्वावर.

ती सुरुवातीच्या काळातली यंत्रे अवजड होती. काचेच्या निर्वात नळ्या आणि मोठाल्या बॅटऱ्या अंगावर वागवाव्या लागत. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५२ च्या अखेरीस हा नवा चिमुकला घटक सर्वांच्या आधी श्रवणयंत्रात आला; खिशातल्या रेडिओला त्याची वाट नंतर पाहावी लागली. बेल यांनी कर्णबधिरांसाठी केलेल्या कार्याचा मान म्हणून श्रवणयंत्र बनविणाऱ्यांकडून त्या शोधाचे स्वामित्वशुल्क घेतले गेले नाही. मोठ्या आनंदाने लोकांनी ही हलकी यंत्रे घेतली. परंतु थोड्याच आठवड्यांत त्यांतली कित्येक मुकी झाली! शोध घेता कारण सापडले ते अगदी घरगुती होते. जुन्या नळ्या काचेत बंदिस्त होत्या, म्हणून त्यांना ओल बाधत नसे. नव्या घटकाचे कवच तितके घट्ट नव्हते. अंगाच्या उबेत आणि घामात तो भिजला आणि निकामी झाला. पुढे त्याला धातूच्या बंद टोपीत बसविले, तेव्हा कोठे तो टिकू लागला. श्रवणयंत्र आणि ओलावा यांचे वैर असे जुने आहे.

आपल्या देशातही या कामाची पायवाट हळूहळू रुंद झाली. १९६५ साली म्हैसूर येथे वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. कानपूरचा कृत्रिम अवयव निर्माण करणारा सरकारी कारखाना १९७२ चा. अपंगांना साधने मिळावीत म्हणून केंद्र सरकारची योजना १९८१ साली सुरू झाली. आणि १९८३ साली मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवण संस्था उभी राहिली. त्यामुळे एके काळी फक्त श्रीमंतांच्या कानाला शोभणारे हे यंत्र आता शेतमजुराच्या, विणकराच्या आणि शाळकरी मुलाच्या कानावरही दिसते. शिबिरात ते मिळते, तज्ज्ञ ते बसवून देतात, आणि माणूस हसतमुखाने घरी जातो. घरी गेल्यानंतर ते टिकवावयाचे कसे, हा मात्र ज्याचा त्याने सोडवावयाचा प्रश्न असतो.

धुळ्याच्या जुन्या वस्तीतील एका वृद्ध विणकराच्या घरी तो प्रश्न कसा उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे. या गृहस्थांचे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. मागांच्या खोलीत खटखटाट असा चालतो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला खुणेने बोलवावे लागते. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. अशा आवाजात वर्षानुवर्षे राहिले, म्हणजे त्या एकेक करून मरतात, आणि पुन्हा उगवत नाहीत. आबांचे—घरात त्यांना सर्व जण आबा म्हणत—श्रवण असे हळूहळू मागाच्या धोट्याबरोबर विणले गेले आणि संपले.

एका उन्हाळ्यात त्यांना श्रवणयंत्र मिळाले. पहिले काही दिवस त्यांना भांड्यांचा आवाज असह्य झाला. मग हळूहळू कान रुळला. सातवीत शिकणारी नात संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने धडा वाची, आणि आबा मध्येच तिला थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारीत. ‘काय म्हनस वं माय?’ हा त्यांचा अहिराणी प्रश्न पूर्वी न ऐकू आल्याचा होता; आता तो कौतुकाचा झाला.

आषाढ लागला आणि ते कौतुक मावळू लागले. आबा पुन्हा चुकीची उत्तरे देऊ लागले. पुढे उत्तरेच देईनासे झाले. बॅटरी नवी घातली, तरी फरक पडेना. ‘वय झाले, कान आणखी गेले,’ असे घरातल्यांनी मनाशी ठरवून टाकले. त्याच सुमारास थोरल्या मुलाचे सुरतेहून बोलावणे आले. खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेला गेली आहेत. हाही मुलगा तेथे मागावरच होता. धुळ्याचे घर सोडून सर्वांनी तिकडे यावे, असा त्याचा आग्रह होता. एका रात्री घरात त्यावर बोलणे झाले. आबा मध्येच बसलेले होते. ‘आबा, चालेल ना?’ असे कोणीतरी विचारले. आबांनी मान डोलावली. सर्वांना वाटले, होकार मिळाला. घरमालकाला निरोप गेला.

मान डोलावणे हा ऐकू न येणाऱ्या माणसाचा ढालीसारखा उपयोगी पडणारा अभिनय आहे. प्रत्येक वेळी ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची त्याला लाज वाटते. म्हणून तो मान हलवितो, हसतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरे-वाईट ओळखू पाहतो. घरात ही गोष्ट फक्त नातीच्या ध्यानात आली. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, ‘आबा, काल रात्री काय ठरले ते तुम्हाला ठाऊक आहे का?’ आबांनी पुन्हा मान डोलावली. तेव्हा ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘आबा, यंत्र जरा माझ्याकडे द्या.’

तिने यंत्र दिव्यासमोर धरले. कानामागचा भाग आणि कानात बसणारा साचा यांना जोडणारी एक पारदर्शक नळी असते. त्या नळीच्या मध्यावर पाण्याचा एक थेंब अडकून बसला होता. अरुंद नळीत थेंबाचा पडदा असा काही ताणला जातो, की तो आपणहून पुढेही सरकत नाही व मागेही जात नाही. बाटलीच्या तोंडाला बूच असावे, तसा तो आवाजाच्या वाटेत बसतो. यंत्र आपले काम करीत होते. बॅटरी झिजत होती. आणि तयार झालेला सारा आवाज त्या एका थेंबाच्या अलीकडेच थांबत होता.

यंत्र देताना तज्ज्ञांनी एक लहानशी डबी दिली होती. तिच्यात निळे मणी होते. परंतु घरात त्या डबीचा उपयोग कोणाला नीटसा कळला नव्हता. सुया आणि गुंड्या ठेवावयास ती बरी पडली होती. नातीने डबी शोधून काढली, तेव्हा मणी गुलाबी पडले होते. सोबतचा कागद तिने अक्षर न् अक्षर वाचला. साचा आणि नळी यंत्रापासून अलगद वेगळी करून रबरी फुग्याच्या वाऱ्याने तिने थेंब उडविला. नळी आत-बाहेर कोरडी केली. आईने एका जुन्या तव्यावर मंद आचेने मणी तापविले, तसे ते पुन्हा निळे झाले. रात्रभर यंत्र त्या डबीत राहिले.

सकाळी आबांनी यंत्र कानाला लावले. नातीने रात्रीचे सारे बोलणे त्यांना पहिल्यापासून सांगितले. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग घरातल्या सर्वांना बोलावून ते म्हणाले, ‘जायचे असेल तर जाऊ. पण मला विचारून जाऊ.’ ते ऐकून घरात कोणाला मान वर करवेना. मग त्यांना खरोखरच विचारण्यात आले, आणि पोरीची शाळा वर्षअखेर इथेच पुरी व्हावी, मग पुढचे पाहावे, असे त्यांच्या सांगण्यावरून ठरले. पाण्याच्या एका थेंबाने एका माणसाचे मत घरातून पुसून टाकले होते; तो थेंब काढताच ते परत आले.

हा थेंब आला कोठून? आबा काही पावसात भिजले नव्हते. ओल फक्त आभाळातून येते, ही समजूत चुकीची आहे. श्रवणयंत्राकडे पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट पावसाची. ती सर्वांना ठाऊक असते. दुसरी वाट घामाची. खानदेशाच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून यंत्र सुखरूप आहे असे वाटते. पण त्याच उन्हाळ्यात कानशिलावरून घामाच्या धारा वाहत असतात. शिवाय घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात मीठ असते. खारे पाणी धातूच्या जोडांना खाते. बॅटरीच्या जागी पांढरट-हिरवट पूड दिसू लागली, की ती त्या खाण्याची खूण समजावी. त्यातच घराघरांतून पाण्याचे कूलर सुरू असतात. ते हवा थंड करतात, तशी ओलीही करतात. रात्री काढलेले यंत्र अशा कूलरसमोरच्या खिडकीत ठेवणे म्हणजे वैशाखात त्याच्यासाठी मुद्दाम आषाढ निर्माण करणे होय.

तिसरी वाट सर्वांत गुप्त आहे. कानाच्या आतली हवा नेहमी उबदार आणि दमट असते. यंत्राची नळी बाहेरच्या गारव्यात असते. उबदार हवा गार पृष्ठभागाला टेकली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. पहाटे गवतावर दव पडते ते याच नियमाने. धुळ्याच्या थंडीत पारा कधीकधी एक आकडी होतो. अशा सकाळी घरातून शेकोटीकडे आणि शेकोटीपासून पुन्हा घराकडे जाणाऱ्या माणसाच्या नळीत चिमुकले दव साचत राहते. म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू आपापल्या परीने या यंत्राची परीक्षा पाहतात.

यंत्राच्या बॅटरीचीही एक मौज आहे. पुष्कळशा श्रवणयंत्रांत जस्त आणि हवा यांच्या संयोगावर चालणारी, गुंडीसारखी बॅटरी असते. तिच्या पाठीवर बारीक छिद्रे असतात, आणि त्यांवर एक रंगीत कागदी पट्टी चिकटविलेली असते. पट्टी काढली, की छिद्रांतून हवा आत जाते. त्या हवेतील प्राणवायूशी जस्ताचा संयोग होऊन सुमारे १.४ व्होल्टची वीज निर्माण होते. पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मगच बॅटरी यंत्रात बसवावी, म्हणजे तिला पुरेशी हवा मिळते. ही बॅटरी एका अर्थी श्वास घेते. हवा फार दमट असेल, तर ती श्वासाबरोबर ओल आत ओढते आणि फुगते. हवा अगदी कोरडी असेल, तर तिच्या आतला ओलसर द्रव सुकून ती लवकर संपते. म्हणून यंत्र वाळविण्याच्या डबीत ठेवताना अशी बॅटरी बाहेर काढून ठेवावी लागते. एकाच घरात राहणाऱ्या दोघांची पथ्ये वेगवेगळी असतात, त्यातलाच हा प्रकार!

ओल गेली पाहिजे हे एकदा पटले, की माणूस घाईने भलतेच उपाय करू लागतो. खानदेशी घरात वाळवणाची मोठी परंपरा आहे. पापड, कुरडया, मिरच्या, सारे काही गच्चीवरच्या उन्हात जाते. त्याच हिशेबाने श्रवणयंत्रही पापडाशेजारी ठेवण्याचा मोह होतो. परंतु वैशाखातल्या तापलेल्या पत्र्यावर त्याचे प्लास्टिक वाकते आणि आतला नाजूक ध्वनिग्राहक बिघडतो. चुलीची धग, केस वाळविण्याचे गरम वाऱ्याचे यंत्र, इस्त्रीची ऊब, हे सर्व उपाय रोगापेक्षा घातक आहेत. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवण्याचीही कित्येकांना सवय असते. तांदूळ ओल फार थोडी ओढतात. त्यांचा पिठूळ कण मात्र छिद्रांत जाऊन बसतो. आणि तोंडाने फुंकर मारणे हा तर विनोदच म्हणावयाचा. कारण आपला श्वास दमट असतो, हे आरशावर फुंकर मारून कोणीही पाहू शकतो.

खरे उपाय साधे आहेत. त्यांना पैसा कमी आणि नियमितपणा अधिक लागतो. रात्री यंत्र काढले, की ते मऊ, कोरड्या सुती फडक्याने पुसावे. बॅटरीचे दार उघडे ठेवावे, म्हणजे आत कोंडलेली वाफ निघून जाते. बॅटरी काढून तिचे जोड पुसावेत. कानातला साचा यंत्रापासून सुटा करून तेवढाच कोमट साबणपाण्यात धुवावा. यंत्राच्या मुख्य भागाला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. साचा व नळी पूर्ण वाळल्यावरच ती पुन्हा जोडावीत. स्नानाच्या आधी यंत्र काढावे, आणि केस व कान कोरडे झाल्यावरच ते घालावे. आणि सर्व झाल्यावर, रात्रीपुरते, त्याला कोरड्या डबीत झोपवावे.

या डबीतले मणी म्हणजे सिलिका जेल. आपण ज्या वाळूवर चालतो, तिच्याच कुळातला हा पदार्थ. परंतु त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म विवरे असतात. त्या विवरांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एका ग्रॅम मण्यांचा पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरेल. एखाद्या वाड्याच्या चौकात तो मावणार नाही. या अफाट भिंतींना हवेतली वाफ चिकटून राहते, आणि डबीतील हवा कोरडी होते. ती कोरडी हवा मग यंत्राच्या कानाकोपऱ्यांतील ओल हळूहळू आपल्याकडे ओढून घेते. काही मण्यांत रंग बदलणारे द्रव्य घातलेले असते. निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवट झाले, की त्यांची तहान भागली असे समजावे. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ते तापविले, की पाणी निघून जाते आणि मणी पुन्हा तहानेले होतात. हे काम वडील माणसांनी करावे, स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये, आणि डबी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये; निळ्या रंगातले द्रव्य शरीराला अपायकारक असते.

अलीकडे काही यंत्रांवर ‘आयपी ६८’ अशी अक्षरे आणि अंक छापलेले असतात. त्यातला सहा हा आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, आणि आठ हा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. यंत्राच्या आतल्या भागांवर पाणी न धरणारा पातळ लेपही दिलेला असतो. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, नव्या यंत्राची घेतलेली असते. खारा घाम, साबण आणि वर्षानुवर्षांची झीज यांची हमी तो आकडा देत नाही. ढाल मजबूत आहे म्हणून मुद्दाम बाणांसमोर उभे राहणे शहाणपणाचे नव्हे.

एखाद्या वस्तूला ओलीपासून असे रोज जपणे कोणाला कंटाळवाणे वाटेल. परंतु धुळ्याला ही विद्या नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून, माळ्यांवर आणि अडगळीत पडलेली जुनी दप्तरे गोळा करीत हिंडले. १९२६ साली त्यांचा देह धुळ्यातच पडला, आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या गावी उभे राहिले. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाच्या पोथ्या अशाच जतन केल्या गेल्या. कागदाचाही पहिला शत्रू ओलच. फडक्यात बांधणे, कोरड्या जागी ठेवणे, वेळोवेळी सोडून वारा देणे, अशा रोजच्या क्षुल्लक कृत्यांनीच शतकांचे बोल टिकले आहेत.

जुन्या काळचे लेखनिक पोथी लिहून झाली, की शेवटी वाचकाला तिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपण्याची विनंती करीत. ही तिन्ही पथ्ये श्रवणयंत्राला तंतोतंत लागू पडतात. डोक्याला लावलेले तेल ओघळून त्याच्या छिद्रांत शिरते. म्हणून तेल लावून, हात पुसून, मगच ते घालावे. पाण्याविषयी वर सांगितलेच आहे. आणि साचा कानात सैल बसला, तर आवाज बाहेर गळतो, पुन्हा यंत्रात शिरतो, आणि यंत्र शीळ घालू लागते. पोथीने कित्येक पिढ्यांपूर्वीचा शब्द आजच्या माणसापर्यंत आणला; श्रवणयंत्र ओसरीवरचा शब्द ओट्यावरच्या माणसापर्यंत आणते. अंतर कमी-अधिक असेल, काम एकच आहे.

आज पुष्कळ वर्गांत एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी कानामागे असे यंत्र लावून बसलेली असते. जुलै महिन्यातल्या एखाद्या दिवशी ती मुलगी शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, किंवा भलतेच उत्तर देते. तेव्हा तिचे लक्ष नाही, असा निकाल देण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी: कदाचित तिच्या नळीत एक थेंब अडकला असेल. प्रश्न पुन्हा, तिच्याकडे तोंड करून, सावकाश विचारावा. शाळा सुटताना सर आली, तर यंत्र ठेवावयास तिच्या दप्तरात एक घट्ट झाकणाची डबी असावी; आणि यंत्र डबीत गेल्यावर तिला ऐकू येणार नाही, हे जाणून रस्ता ओलांडताना शेजारच्या मैत्रिणीने तिचा हात धरावा.

पाऊस तर यावयासच हवा. त्याच्यावाचून खानदेशाचे शेत पिकणार नाही, आणि पांझरेला पाणी येणार नाही. साऱ्या गावाने त्याचे स्वागत करावे. फक्त प्रत्येक घरात, जेथे अशा एका कानाला त्याची गरज आहे तेथे, तळहाताएवढी जागा कोरडी राहील, एवढी काळजी घरातल्या कोणीतरी रोज रात्री आठवणीने घ्यावी.